आत आहे, पण चाललंय कुठं?

बजाजनगरात एक पोरगा राहायला आला. आयटीआय झालेला, जालन्याकडच्या एका खेड्यातला. वाळूजच्या एमआयडीसीत काम लागलं की माणूस बजाजनगर, रांजणगाव नाहीतर वडगाव कोल्हाटीत खोली बघतो, यानंही बघितली. मोहटादेवीच्या मंदिराच्या बाजूला, गल्लीच्या टोकाला, चौघांत मिळून एक खोली. दारात चार जोड सेफ्टी शूज, आत गॅसची शेगडी, दोरीवर निळे शर्ट.

ही वस्ती वाढली ती कारखान्यामुळे. १९८५ साली राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन झालं आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. आपला पोरगा अशाच एका छोट्या वर्कशॉपमध्ये ठेकेदारामार्फत लागला. तिथं ग्राइंडिंग मशीनवर मोटरसायकलच्या पिना घासल्या जात. तपासणीच्या टेबलाशी एक वयस्क गृहस्थ बसत, त्यांना सगळी शॉप मामा म्हणे. पोरगाही म्हणायला लागला, मग कुणीतरी त्याचं नाव भाचा पाडलं. गोष्टीत आपणही तेच नाव ठेवू.

पिन १२ मिलिमीटर जाडीची. ड्रॉइंगवर दोन आकडे: वर १२.०००, खाली ११.९८९. पिन या दोन आकड्यांच्या आत बसली पाहिजे. मधली जागा अकरा मायक्रॉनची, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. तपासायला स्नॅप गेज. पोलादी चाप, त्याला दोन फटी. पहिली ‘गो’, तिच्यातून पिन सहज गेली पाहिजे. दुसरी ‘नो-गो’, लाल खुणेची, तिच्यात पिन अडली पाहिजे. पहिलीत अडली तर पिन जाड आहे, पुन्हा घासून घेता येते. दुसरीतून निसटली तर बारीक झाली, तिची जागा भंगारात. घासून गेलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही.

भाचा कामाचा सच्चा. सुरुवातीला तो प्रत्येक पिन काढून मायक्रोमीटरवर धरायचा. ११.९९४ आली की चाक जरा मागे घ्यायचा, ११.९९७ आली की जरा पुढे. त्याला नेमकी ११.९९५ हवी होती, प्रत्येक वेळी. शिफ्ट संपेपर्यंत खांदे भरून यायचे आणि ट्रेमध्ये पाहावं तर काही पिना ‘गो’मध्ये अडलेल्या, काही अगदी खालच्या काठावर आलेल्या.

मामा मागे येऊन उभे राहिले. “काय करायलास रे?”

“मामा, पंच्याण्णववर आणायलोय. येईना.”

“हात काढ.”

“मग बिघडल ना.”

“बिघडू दे. पंचवीस पिना काढ, चाकाला हात लावायचा नाही.”

भाच्यानं जीव मुठीत धरून पंचवीस पिना काढल्या. मामांनी चौकटीचा कागद घेतला आणि एकेका पिनेचं माप ठिपक्यानं मांडलं. सगळे ठिपके ११.९९३ आणि ११.९९८ यांच्या मधे पडले, कुठला वर, कुठला खाली, कसलाही नेम नाही. मग मामांनी त्याच कागदावर सकाळच्या पिनांचे ठिपके मांडले, भाचा दर पिनेला चाक हलवत होता तेव्हाचे. ते ११.९९० पासून १२.००१ पर्यंत पसरले होते.

“मशीन एवढं हलणारच,” मामा म्हणाले. “पोलाद सगळीकडं सारखं नसतं, चाकाचे कण सारखे नसतात, वीजसुद्धा सारखी नसते. हे तिचं तिच्यापाशी. एवढं घ्यायचं. तू दर वेळी दुरुस्त करायला जातोस आणि तिच्या हलण्यात तुझं हलणं मिळवतोस.”

मामा हे कुठल्या पुस्तकातून शिकले नव्हते, पण ही विद्या जुनी आहे आणि तिची जन्मतारीख ठाऊक आहे. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेत टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वॉल्टर शेवार्ट नावाच्या तरुण संशोधकानं आपल्या साहेबाला एक छोटंसं टिपण दिलं, त्यात असाच ठिपक्यांचा एक आलेख होता. त्याचं म्हणणं साधं होतं. कुठल्याही कामात फरक पडतो तो दोन तऱ्हेचा. एक, कामाच्या अंगातच असलेला. त्याच्या मागे धावून उपयोग नाही. दुसरा, ज्याला काहीतरी नेमकं कारण आहे. तो शोधून काढायचा आणि कारणच उपटायचं. पुढे १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग यांनी हीच गोष्ट जपानी कारखानदारांना समजावली आणि तिथल्या मालाचं नाव जगभर झालं. मला हा विचार कारखान्याबाहेरही फार मोलाचा वाटतो. आपल्या घराघरांत किती भांडणं पहिल्या तऱ्हेच्या फरकावरून होतात, आणि दुसऱ्या तऱ्हेच्या किती गोष्टी आपण मुकाट सोसत बसतो!

भाचा सुधारला. हात काढायला शिकला. कामही बरं होऊ लागलं आणि तोही हलका झाला. रात्री जेवताना भाजीत मीठ कमी पडलं तर पूर्वी तो रूम पार्टनरवर खेकसायचा, आता गप्प जेवायचा.

याच दिवसांत त्याला मोबाईलवर एक इंग्रजी वाक्य सापडलं: ‘इट इज व्हॉट इट इज’. जे आहे ते असं आहे. कुठल्याशा रीलमध्ये एक दाढीवाला गडी समुद्राकडे बघत ते म्हणत होता. भाच्यानं ते स्टेटसला ठेवलं, मग बोलण्यात आणलं. नळाला दिवसाआड पाणी आलं, इट इज व्हॉट इट इज. पार्टनरनं महिन्याचे किराण्याचे पैसे दिले नाहीत, इट इज व्हॉट इट इज. ओव्हरटाइमचे तास स्लिपवर कमी लागले, तेच. पीएफ कापला जातोय पण मोबाईलवरच्या पासबुकात रक्कम दिसत नाही, तेच.

वाक्य वाईट नाही. ज्याचा माणूस गेला आहे त्याला, गारपिटीत ज्याचं उभं पीक आडवं झालं आहे त्याला हे वाक्य रात्र काढायला मदत करतं. १९४९ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका वर्तमानपत्रात ते छापलेलं आढळतं, तेही तिथली कोरडी माळरानं पहिल्यांदा नांगरणाऱ्या लोकांच्या कष्टाबद्दल लिहिताना. जमीन कठीण होती आणि ती कुणाची क्षमा मागत नव्हती, असा तिथला भाव. पण त्याच माळरानांच्या प्रदेशात फ्रँक झायबाख नावाच्या शेतकऱ्यानं विहिरीभोवती गोल फिरून शेताला पाणी देणारी तुषारसिंचनाची यंत्रणा काढली, १९५२ साली तिचं पेटंट घेतलं, आणि नेब्रास्कातच तिचे कारखाने निघाले. माळ कोरडा आहे हे त्यांनी मान्य केलं आणि मगच पाण्याची सोय शोधली. आपल्याकडेही तेच घडलं. मराठवाड्यात पाऊस कमी, हे कुणी बदलू शकलं नाही. म्हणून १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. भाच्याच्या नळाला दिवसाआड का होईना जे पाणी येत होतं, ते त्याच धरणाचं.

भाच्याची चूक एवढीच झाली की मामांनी सांगितलेलं अर्धंच त्याच्या डोक्यात राहिलं. घ्यायचं काय ते राहिलं, घ्यायचं नाही काय ते निसटलं.

एका रात्रपाळीत मशीनवर पडणारी कुलंटची धार बारीक झाली. एरवी ते दुधाळ पाणी चाक आणि पिन यांच्या मधे भसाभस पडत असतं, घासताना होणारी उष्णता ओढून नेत असतं. त्या रात्री धार सुतासारखी झाली. भाच्यानं बघितलं. फिल्टरमध्ये गाळ बसला असणार हेही त्याला कळलं. मेंटेनन्सच्या वहीत त्यानं पूर्वी एकदा लिहिलंही होतं, कुणी आलं नव्हतं. तो म्हणाला, इट इज व्हॉट इट इज, आणि पिना काढत राहिला.

मापं घेत होता, तपासत होता. ११.९९७, ११.९९६, ११.९९६, ११.९९५, ११.९९४. पहाटेपर्यंत ११.९९१. गेजमध्ये सगळ्या पास. ‘गो’तून जायच्या, ‘नो-गो’त अडायच्या. भाच्यानं हात काढलेला होता, अगदी मामांनी शिकवलं होतं तसा.

सकाळी मामा आले, तक्ता बघितला आणि चष्मा कपाळावर सरकवून उभेच राहिले.

“सगळ्या आत आहेत मामा,” भाचा म्हणाला.

“आत आहेत. पण चाललंय कुठं ते बघितलंस का? वर-खाली, वर-खाली झालं तर ते मशीनचं. हे नुसतं खाली, खाली, खाली चाललंय. ज्याला दिशा असते त्याला कारण असतं.”

मग त्यांनी ट्रेमधली पहाटेची पिन उचलली. ती आता गार झाली होती. ‘नो-गो’च्या फटीशी धरली आणि पिन टिचकीसरशी आरपार निघून खाली डब्यात पडली. दुसरी उचलली, तीही. भाच्याचा चेहरा उतरला.

“मी मोजली तेव्हा अडत होती मामा. आईशप्पथ.”

“अडत असणार. तू गरम मोजलीस.”

पोलाद तापलं की फुगतं. मशीनवरून नुकतीच निघालेली, कुलंट न मिळाल्यानं पोळणारी बारा मिलिमीटरची पिन शॉपच्या हवेपेक्षा वीसबावीस अंशांनी जास्त गरम असली तर तिचं माप तीन मायक्रॉन जास्त दिसतं. ११.९९१ दिसलेली पिन गार झाल्यावर ११.९८८ भरते, म्हणजे हद्दीच्या बाहेर. यासाठीच जगभर मापं २० अंश सेल्सिअसची धरतात. वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस अंश कुठून मिळणार, पण पिन आणि गेज एका टेबलावर थोडा वेळ शेजारी ठेवले तर दोघांचं तापमान सारखं होतं आणि माप खरं निघतं. मामा ट्रे आला की लगेच हात लावत नसत, त्याचं कारण हे होतं. भाच्याला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, दमतो.

नऊ वाजता गाडी भरायची होती. मालक खाली आले. “मामा, दोन-तीन मायक्रॉननं काय होतंय? चालतंय. पाठवा.”

“साहेब, ही पिन कुणाच्या तरी इंजिनात बसायचीय,” मामा म्हणाले. “रात्रीचा सगळा माल बाजूला काढतो. एकेक पिन गेजमधून काढून चांगल्या तेवढ्या दुपारी देतो. तुम्ही तिकडं फोन करून गाडीला उशीर सांगा.”

मालक चिडले, बोलायचं ते बोलले आणि फोन करायला वर गेले. भाच्याची रात्रपाळी झाली होती तरी तो घरी गेला नाही. दोघं दुपारपर्यंत पिना निवडत बसले. अडली, अडली, निसटली. अडली, निसटली. निसटलेल्यांचा डबा लाल. अडलेल्या सगळ्या चांगल्या निघाल्या, पण भंगाराचा डबा दिसायला बराच भरला होता. फिल्टर काढला तेव्हा त्यात चिखलासारखा काळा गाळ निघाला. तो धुऊन बसवल्यावर धार पहिल्यासारखी पडू लागली.

त्या आठवड्यात आषाढी एकादशी होती. ज्यांना मोठ्या पंढरपूरला जाणं होत नाही ते शहरातून आणि आसपासच्या गावांतून वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला दर्शनाला येतात. शिफ्ट सुटल्यावर मामा आणि भाचाही गेले. रस्त्यावर दिंड्या, टाळ, साबुदाणा खिचडीचे स्टॉल. रांगेत उभं राहून भाच्यानं मनातलं विचारलं.

“मामा, तुम्हीच म्हणालात हात काढ. मग तुम्हीच म्हणता हात का लावला नाहीस. माणसानं करायचं काय?”

मामा पैठणजवळचे. ते संत एकनाथांवर आले. नाथ गोदावरीवर स्नान करून येत आणि एक माणूस वरून त्यांच्या अंगावर थुंके, अशी गोष्ट तिकडं घरोघर सांगतात. नाथ न रागावता परत नदीवर जात. पुन्हा पुन्हा गेले. शेवटी थुंकणाराच शरमला.

“ही गोष्ट सगळे सांगतात,” मामा म्हणाले. “दुसरी सांगत नाहीत. श्राद्धाच्या दिवशी दारात भुकेली माणसं आली, गावानं अस्पृश्य ठरवलेली. नाथांनी श्राद्धाचं अन्न त्यांना वाढलं. नदीच्या तापल्या वाळवंटात अशाच माणसांचं एक पोर रडत होतं, ते कडेवर उचलून घरी पोचवलं. त्यासाठी वाळीत पडले असं सांगतात, तरी माघार घेतली नाही. स्वतःवरचं थुंकणं घेतलं. दुसऱ्याचा अपमान घेतला नाही. तू आपला थुंकण्याचा अर्धा भाग पाठ केलास.”

मग स्वतःचं सांगितलं, फारसं न रंगवता. तरुणपणी ते स्कूटरचे भाग करायच्या कामाला लागले होते. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, तो काळ. त्यांना वाटायचं, हे काम आपल्या नातवापर्यंत पुरणार. पुढे लोकांना मोटरसायकल हवीशी झाली, ऑर्डरी आटत गेल्या, आणि २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं. जिग आणि फिक्स्चर कोपऱ्यात गंजायला लागले. “स्कूटर चालू ठेवणं माझ्या हातात नव्हतं. सोबतचे दोघं गावी गेले, रोज स्कूटरच्या आठवणी काढत बसले. मी मोटरसायकलच्या पिनांचं ड्रॉइंग वाचायला शिकलो, चाळिशी उलटल्यावर. आता चेतक परत आलीय, २०२० पासून. पण बॅटरीवरची. तिला इंजिनच नाही, माझ्या पिना लागत नाहीत. तेही घेतलं.”

रांग पुढं सरकली. मामा म्हणाले, “दोन गोष्टी बघत जा. वर-खाली होतंय की एकाच बाजूला चाललंय? आणि मोजतोयस ते गार झाल्यावर मोजतोयस का? एवढं बघितलंस की घ्यायचं का नाही ते पिनच सांगते.”

भाचा त्या रात्री खोलीवर वहीचं पान काढून बसला. दिवसाआड पाणी: उन्हाळ्यात कमी, पावसाळ्यात बरं. वर-खाली. त्यानं एक पिंप विकत आणायचं ठरवलं आणि ओळ खोडली. भाजीतलं मीठ, खोडलं. पार्टनरचे किराण्याचे पैसे: एका महिन्यात नाही, पुढच्यात जास्त, बेरीज जवळपास सारखी. खोडलं. मग पगाराच्या चार स्लिपा काढून ओळीनं मांडल्या. चारही महिने पीएफ कापलेला. पासबुक उघडलं. चारही महिने रिकामे. इथं वर-खाली काही नव्हतं.

त्याला तिथल्या तिथं ठेकेदाराला फोन करून चार शिव्या घालाव्याशा वाटल्या. फोन हातात घेतला, मग उशीखाली ठेवून दिला आणि सकाळ होऊ दिली.

सकाळी त्यानं माहिती काढली. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा मुळात १९५२ चा. कामगाराच्या पगारातून सामान्यतः १२ टक्के कापायचे, तेवढाच वाटा मालकाच्या बाजूनं, आणि दोन्ही मिळून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. माणूस ठेकेदाराचा असला तरी ज्याच्या छपराखाली तो काम करतो त्या मूळ मालकावरही पैसे भरले जाण्याची जबाबदारी येते. हे वाचून भाचा थबकला. ज्यांची गाडी आपल्यामुळे उशिरा गेली त्याच मालकांकडं जायचं होतं.

तो गेला. स्लिपांच्या झेरॉक्स, पासबुकाची प्रिंट, सगळं एका फाइलमध्ये. आवाज चढवला नाही. “साहेब, हे चार महिने. कापलेत पण भरले नाहीत. माझेच नाही, आम्हा अकरा जणांचे.” दुसऱ्या दहा जणांना त्यानं रात्रीच विचारून ठेवलं होतं. त्यांच्यातले काही म्हणाले होते, जाऊ दे रे, काम जाईल. फाइलमध्ये नावं त्यानं विचारूनच घातली होती, जे नको म्हणाले त्यांची वगळून.

मालकांनी फाइल चाळली. ठेकेदाराला बोलावलं. ठेकेदार आधी म्हणाला सर्व्हर डाऊन होता, मग म्हणाला आधार जोडलेलं नाही, मग म्हणाला बघतो. भाचा उठला नाही. शहरातल्या पीएफ ऑफिसात तक्रार कशी करायची तेही त्यानं विचारून ठेवलं होतं, तेवढंच त्यानं सांगितलं. मालक ठेकेदाराला म्हणाले, “नोटीस माझ्या नावानं येईल. महिनाअखेरच्या आत भर.”

महिना संपायच्या आत पासबुकात नोंदी दिसू लागल्या. अकराही जणांच्या. खोलीवर त्या रात्री जिलेबी आली, ज्यांनी नावं दिली नव्हती त्यांनी आणलेली. दुसऱ्या दिवशी भाचा शिफ्टच्या आधीच तपासणीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि मोबाईल मामांच्या पुढं धरला.

“आले मामा.”

मामांनी चष्मा लावला. बोटानं पडदा वर सरकवत एकेक ओळ वाचली, मग स्लिपा मागितल्या आणि त्या मोबाईलच्या शेजारी मांडल्या.

“तीन महिने आलेत,” ते म्हणाले. “चौथा कुठाय?”